नाडीखालची जखम

"मावशी, परकर जरा खाली घ्या. एवढ्याशा फटीतून मला काय डोंबल दिसणार?"

"गजकर्ण हाय बाई. मलम लिहून दे, जाते मी."

शेंद्र्याच्या कौसाबाई कंबर घट्ट धरून माझ्यासमोर बसल्या होत्या. मी त्वचेची डॉक्टर. न दाखवता औषध मागणाऱ्या बायका मला रोज भेटतात आणि रोज माझं डोकं फिरतं. त्यांच्या मुलाला, विलासला, मी बाहेर पाठवलं आणि सुनेला आत बोलावलं.

सून मंदा हळूच म्हणाली, "मॅडम, आत्याबाई परकर मला धुवू देत नाहीत. लपून धुतात. परवा बघितलं मी, रक्त होतं त्याला."

"गप की गं!" कौसाबाई ओरडल्या. पण कमरेवरचा हात सुटला.

नाडीची गाठ बसते तिथंच जखम होती. कडा उचललेल्या, बोटाला कडक लागणाऱ्या. वास येत होता. वर्षानुवर्षं एकाच जागी नाडी करकचून आवळली की कातडी काळी पडते, सोलवटते, भरते, पुन्हा सोलवटते. क्वचित तिथंच कॅन्सर होतो. कातडीचा कॅन्सर उन्हानंच होतो असं नाही. जांघेत चाचपलं तर एक गाठ हाताला लागली. तिथवर पसरला असेल तर?

मी विलासला आत बोलावलं. "बायोप्सी करावी लागेल. म्हणजे जखमेचा छोटा तुकडा काढून तपासायचा."

"नाय मॅडम! कापलं की पसरतंय म्हणतेत समदे. तुम्ही ट्यूब बदलून द्या."

"आत्तापर्यंत ट्यूब कोण आणत होतं?"

"मीच. कंपनीतून येताना मेडिकलवरून. खाजंची म्हणून."

"मेडिकलवाल्यानं जखम बघितली? तू बघितलीस?"

"आईची कंबर कशी बघणार मॅडम?"

"मग जिनं बघितली तिचं ऐक. कापल्यानं नाही, थांबल्यानं पसरतो."

तो मान हलवतच राहिला. निकाल कौसाबाईंनी लावला. "काप बाई. लई ठणकतंय. कुणाला सांगावं कळंना मला." आणि त्या हमसून रडायला लागल्या.

जखमेचा रिपोर्ट कॅन्सरचाच आला. जांघेतल्या गाठीतल्या पेशी सुईनं काढून पाठवल्या होत्या, त्यांचा रिपोर्ट येईपर्यंत मी घरात सगळ्यांवर खेकसत होते. शेवटी पॅथॉलॉजिस्टचा फोन आला. "गाठीत कॅन्सर नाही. जखमेतल्या पूमुळं सुजलीय." हुश्श! सर्जननं जखम आजूबाजूच्या चांगल्या कातडीसकट काढली आणि मांडीची कातडी तिथं लावली. काढलेल्या तुकड्याच्या कडांनाही कॅन्सर सापडला नाही. आता दर काही महिन्यांनी तपासणी, बस.

पहिल्या तपासणीला मी मंदालाही पडद्याआड नेलं. तिशीतली पोरगी, आणि कमरेवर काळी खाच पडलेली.

ती हसली. "अहो मॅडम, हे तर सगळ्याच बायकांना असतंय!"

"म्हणूनच कुणी दाखवत नाही."

कमरेवरचा काळा पट्टा म्हणजे कॅन्सर नव्हे. नाडी सैल बांधा, दोरीऐवजी रुंद पट्टी वापरा, गाठीची जागा बदला. महिनाभरात न भरलेली जखम मात्र डॉक्टरला दाखवा. मुलाच्या हाती मेडिकलवर निरोप पाठवू नका.