दीपेश भोईरच्या तीन पेट्या

काल्हेरच्या दीपेश भोईरला दुकानात एकटं सोडू नये, असं त्याची बायको भाविका सांगते ते काही उगाच नाही. दारूच्या नव्हे हो, वाद्यांच्या दुकानात! दिवसा हा माणूस शेजारच्या पूर्णा गावच्या गोडाऊनमध्ये सुपरवायझर. ट्रकवाल्याशी हिंदीत भांडेल, हमालाशी गोडीत बोलेल, पण एका खोक्याचा हिशेब चुकू देणार नाही. आणि लग्नसराई आली की बेंजो पार्टीत, म्हणजे हळदी-वरातीच्या वाजंत्री ताफ्यात, सिंथेसायझर वाजवणार. आपल्याकडे लोक त्याला सरसकट कॅसिओ म्हणतात, घरात म्हणतात पेटी. दीपेशच्या घरी अशा तीन पेट्या. पहिली लग्नाआधीची, पोपडे उडालेली. दुसरी एका मोडलेल्या पार्टीकडून आणलेली, इतकी जड की दोघांनी उचलावी. तिसरी बापाची जमीन गोडाऊनला गेली तेव्हाची, चकचकीत.

तिन्हींची कहाणी एकच. आणली की महिनाभर तिच्यावरून फडकं फिरायचं, शेजारपाजाऱ्यांना बोलावून आवाज ऐकवायचे. मग चारपाच आवाज हाताला बसले की त्यांवर चिकटपट्टीचे तुकडे लागायचे, ‘हळद’, ‘कोळी’, ‘नवरी एंट्री’, आणि बाकीची बटणं जन्मभर तशीच. पुढच्या सीजनला कुणाकडे नवं मॉडेल दिसलं की याचा जीव खालीवर! "तिच्यात मजा न्हाय राहिली," असं हा म्हणायचा. अहो, मजा पेटीत असते का माणसात, हे याला सांगणार कोण?

बरं, वाजवण्याचं अंग घरातलंच. दीपेशची आई आनंदीबाई धवला गायची. आगऱ्यांच्या लग्नात भटजी नंतर, आधी धवलारीण. चौक मांडायचा, देवांना बोलवायचं, नवरा-नवरीला हळद लावायची, सगळं तिच्या गाण्यावर. आणि हे गाणं जोडीनं असतं. पूर्ण्याची हौसाबाई पुढं गायची आणि आनंदीबाई मागून तीच ओळ उचलायची. पोरवयात दीपेश आईच्या मांडीवर डोकं ठेवून कितीतरी मांडवांत झोपला होता, त्यामुळं धवला त्याला पाठ करावा लागला नाही. आई गेली आणि हौसाबाई एकटी पडली. दुसरी कुणी बाई तिच्या सुराला लागेना. आणि पेटीवाले? त्यांनी कधीच हात टेकले होते. हौसाबाईचा सूर पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध बसायचा. खालची दाबा, टोचतं. वरची दाबा, टोचतं. मग पार्टीनं सोपा उपाय काढला. म्हातारी गायला लागली की नुसता ढोल वाजवायचा, आणि तो असा दणदणीत, की म्हातारी ऐकूच येऊ नये. दीपेशही तेव्हा हात बांधून बसायचा. वाईट वाटायचं त्याला, पण बसायचा.

गेल्या वर्षी पार्टीचा मालक विपुल दारात आला. "दीपेश, यंदा लोक नवीन आवाज मागतात. कशेळीच्या सागरनं कसला कीबोर्ड घेतलाय, बघितलास? तुझी खुर्ची मी त्याला दिली तर राग मानू नको. नाहीतर तूपण तसला घे."

गोडाऊनच्या ड्युटीवर घर चालत होतं, पण माणूस जगत होता त्या खुर्चीवर. संध्याकाळीच तो ठाण्याला निघाला, खिशात कार्ड घालून. भाविका उंबऱ्यात उभी राहिली.

"नवी आणा. मी न्हाय म्हणत न्हाय," ती म्हणाली. "फक्त एक सांगा. ही घरात आहेत त्या तिघींत काय काय आहे?"

"काय काय म्हणजे?"

"म्हणजे ह्या बटणानं काय होतं?" तिनं पहिल्या पेटीवर बोट ठेवलं. दीपेशनं वाकून बटण निरखलं. "बरं, ह्यानं?" दीपेशनं तेही निरखलं. "आणि हे डाव्या हाताचं चाक?"

"ते नवरी येताना कुंईंऽ करायला," दीपेश म्हणाला, आणि बोलता बोलता त्याला स्वतःचीच लाज वाटली. बायको हसली असती तर तो भांडला तरी असता. ती हसली नाही, भाकऱ्या थापायला आत गेली. ते त्याला जास्त झोंबलं.

हा माणूस तसा मऊ, पण एकदा हट्टाला पेटला की गावदेवी खाली उतरली तरी ऐकायचा नाही. त्यानं चपला काढल्या, कार्ड कपाटात टाकलं आणि सांगून टाकलं, "ह्या तिघींचं एकूण एक बटण कळल्याबिगर चौथी घरात आणणार न्हाय. खुर्ची गेली तर गेली!"

बोलायला काय जातं! पण यानं ते करून दाखवलं. आधी सगळ्या चिकटपट्ट्या खरवडून काढल्या. ड्युटीवरून आला, हातपाय धुतले, की पेटीसमोर. एक बटण घ्यायचं आणि ते काय करतं हे कानाला कळेपर्यंत सोडायचं नाही. गोडाऊनमध्ये पोरं चिडवायची, "सेठ, नया लिया क्या?" हा म्हणायचा, "पुराना लिया." विपुलचा फोन आला की म्हणायचा, "शिकतोय." पंधरा वर्षं वाजवणारा माणूस शिकतोय म्हटल्यावर विपुल फोनवरच हसायचा. हसू दे, दीपेश म्हणायचा, आणि पुढचं बटण दाबायचा.

पहिल्या पेटीची पुढच्या बाजूची बटणं संपली, तेव्हा त्यानं ती पुसायला म्हणून उलटी केली. मागच्या बाजूला एकवीरा आईचं स्टिकर होतं. ही पेटी नवी असताना दसऱ्याला पूजा करून त्यानंच लावलेलं. आपल्याकडे गाडी असो, होडी असो, फ्रिज असो, आईचं स्टिकर लागल्याशिवाय वस्तू घरची होत नाही. पण फडकं फिरवताना बोटाला लागलं, स्टिकरखाली पोकळ आहे. दाबलं की आत जातंय.

"खाली कायतरी आहे," तो म्हणाला.

"मग काढा की."

"आईचं स्टिकर काढू? तुझं डोकं फिरलंय काय?"

भाविकानं पदर डोक्यावरून घेतला, हात जोडले, नखानं स्टिकरचा कोपरा अलगद उचलला आणि अख्खं स्टिकर सोडवून पेटीच्या समोरच्या बाजूला, मधोमध लावलं. "आईला मागं भिंतीकडं तोंड करून बसवलं होतंत तुम्ही. आता कशी समोर बसली!"

स्टिकरखाली खोलगट जागेत एक छोटीशी चकती होती. दीपेशनं एक पट्टी दाबून धरली आणि चकती फिरवली. सूर हलला! दुसऱ्या पट्टीवर उडी नाही मारली, केसाकेसानं वर सरकला. दोन पट्ट्यांच्या मधली सगळी वाट त्या चकतीत होती, आणि यानंच ती देवीच्या नावानं बुजवून टाकली होती.

तो तसाच उठला. भाविकाच्या मोबाईलमध्ये त्याच्या आईचा, आनंदीबाईचा आवाज होता, भाच्याच्या हळदीत घेतलेला. तो लावला, पट्टी दाबली, चकती फिरवत राहिला. आधी दोन आवाज एकमेकांवर थरथरत होते. थरथर हळूहळू मंदावली, आणि मग थांबलीच. पेटी कुठं संपते आणि आई कुठं सुरू होते ते कळेना. दीपेश रडला. चांगला हमसून रडला, लपवायचं कशाला? भाविकानं मोबाईल बंद केला नाही, गाणं संपेपर्यंत त्याच्या शेजारी बसून राहिली.

त्या दिवसापासून रियाज बदलला. ते कुंईं करायचं चाक आता तो इतकं हलकं फिरवायला शिकला, की सूर आईच्या गळ्यासारखा घसरत खाली यावा.

तुळशीचं लग्न झालं आणि सीजनची पहिली हळद पूर्ण्याला आली. विपुलनं दोघांनाही बोलावलं. "जो मांडव गाजवेल त्याची खुर्ची," तो सरळ म्हणाला. सागर नवा बोर्ड घेऊन आला. दिवे काय, पडदा काय! दीपेशनं गोणपाटातून पहिली पेटी काढली, तशी पार्टीतली पोरं खो खो हसली.

"अरे, ही अजून जिवंत आहे?" विपुल म्हणाला. "चकचकीत तरी आणायचीस."

"हीच वाजवणार," दीपेश म्हणाला आणि वायरी जोडायला लागला.

दिवेलागण झाली, हौसाबाई चौकाशी येऊन बसली. ढोलवाल्यानं काठ्या उचलल्या. तेवढ्यात नवरीची आजी कमळाबाई मांडवाच्या मधोमध येऊन उभी. "ढोल ठेव खाली! माज्या नातीच्या हलदीला मना धवला ऐकाचा हाय. पेटी वाजवा, पन म्हातारीचा शबूद ना शबूद ऐकू आला पायजे."

आता आली का पंचाईत! विपुलनं सागरला खूण केली. पोरगा वाजवायला चांगला होता, खोटं कशाला बोला. त्यानं पट्टी दाबली, टोचलं. बटण दाबून सूर एक घर वर नेला, तरी टोचलं. एक घर खाली, पुन्हा तेच. त्याच्या बोर्डातही मधला सूर कुठंतरी असणारच, पण यानंही चारपाच बटणांपलीकडं कधी हात लावला नव्हता, बिचाऱ्याला सापडणार कुठून? हौसाबाई गाता गाता थांबली.

"बंद कर बाबा. तुजे पेटीनं माजा गला चुकतंय."

विपुलनं कपाळाला हात लावला. दीपेशनं कुणाला विचारलं नाही. आईच्या स्टिकरला हात लावून नमस्कार केला, एक हात पेटीमागं घातला आणि म्हणाला, "हौसामावशी, तू गा. मी येतोय मागून."

म्हातारीनं नाखुशीनंच ओळ उचलली. दीपेशनं एकच पट्टी धरली. थरथर आली. चकती फिरली. थरथर मंदावली, थांबली. हौसाबाईनं डोळे उघडले, पण गाणं सोडलं नाही. ओळ संपली आणि ती सवयीनं थांबली, जिथं पूर्वी आनंदीबाई उचलायची तिथं. दीपेशनं ती ओळ पेटीवर उचलली. आई जिथं रेंगाळायची तिथं रेंगाळला, जिथं घसरायची तिथं चाक फिरवून घसरला. म्हातारीचा आवाज दुसऱ्या ओळीला फुटला, तिसऱ्या ओळीला मोकळा झाला आणि मग काय विचारता! हळद लावायच्या सोडून बाया ऐकत उभ्या राहिल्या. कमळाबाई पदरानं डोळे पुसत होती. बोटं हळदीची होती, त्यामुळं गाल पिवळे झाले.

धवला संपल्यावर विपुल जवळ आला. "मानलं तुला! खुर्ची तुझी. पण आता तरी नवी घे राव, पैसे मी घालतो."

"न्हाय," दीपेश म्हणाला. "अजून दोघी बाकी आहेत."

सागर त्याच्या पेटीमागं वाकून बघत होता. "दादा, माझ्यातपण असेल ना हे?"

"असणार की. सकाळी घरी ये, शोधू." दीपेशनं वायरी काढल्या आणि पेटी गोणपाटात घालायला घेतली. तेवढ्यात हौसाबाई काठी टेकत पुढं आली. तिनं स्टिकरवरून हात फिरवला, मग दीपेशच्या तोंडावरून.

"परवा कशेळीला लगीन हाय," ती म्हणाली. "चौकाशी माजे बाजूला तुजी आयस बसायची ना, ती जागा मी अजून कोनाला दिली न्हाय. तिथं येऊन बस. पेटी मात्र हीच आन."