बेचाळीस शर्टांची इस्त्री

मंजुळाताईकडे जेवायला जायचं तर एक पथ्य आहे. चुरगळलेला कपडा घालून जायचं नाही. गेलात, तर ती आधी पाणीसुद्धा विचारत नाही. "काढ तो दुपट्टा," म्हणते आणि इस्त्री तापवते. मी राजेंद्र नगरहून टेम्पोत चेंगरून जुन्या इंदुरात तिच्या दारी पोचायची आणि पहिली दहा मिनिटं भुकेल्या पोटी इस्त्री बघत बसायची. फार चीड यायची. अजूनही येते.

ही खोड तिच्या वडिलांची. ते महूच्या छावणीत पलटणीचे शिंपी होते. पँट तयार झाली की घडीवरून नख फिरवून बघायचे, आणि कुठं नख अडलं की पुन्हा पाणी, पुन्हा इस्त्री. मंजुळाताई दहाव्या वर्षापासून त्यांच्या मशीनवर बसली. शिवण तिथंच शिकली, आणि मळका कपडा घराबाहेर जाणं म्हणजे खानदानाची नाचक्की, हेही तिथंच शिकली.

लग्न झालं ते गिरणीतल्या वाल्मिकभियांशी; इंदुरात भैयाला भिया म्हणतात. ते साचेखात्यात, म्हणजे जिथं माग चालतात तिथं, कामाला होते. मग इंदूरच्या गिरण्या एकेक करून बंद पडू लागल्या आणि एका सकाळी त्यांच्याही गिरणीला कुलूप लागलं. घरी येऊन त्यांनी अंगातला शर्ट काढून कोपऱ्यात फेकला. "हा मला परत दिसला नाही पाहिजे."

"बरं, पोछा करते त्याचा," मंजुळाताई म्हणाली.

त्यानंतर भिया बाजारात जायलाही लांबचा रस्ता धरायचे, पण गिरणीवरून जायचे नाहीत. कुणी जेवताना गिरणीचं नाव काढलं की ताटावरून उठायचे. इतका चांगला गप्पिष्ट माणूस, पण तीन वर्षं त्यांच्या तोंडून गिरणी हा शब्द ऐकला नाही. मला त्यांचं वाईट वाटायचं आणि रागही यायचा, कारण त्यांच्या त्या रुसव्यानं घरात सगळ्यांनाच कुजबुजत बोलावं लागायचं.

त्याच सुमारास बाजारात रेडीमेड कपड्यांचा पूर आला. शर्ट-पँट कोण शिवून घेणार? मंजुळाताईकडे ब्लाउज तेवढे उरले, आणि आमची नाटकमंडळी. आम्ही हौशी मराठी नाटकवाले. एका नाटकात मला मिनिटाभरात नऊवारी नेसून परत प्रवेश करायचा होता. तिनं हुक लावून अशी नऊवारी शिवली, की मी इतक्या झटपट तयार झाले की नायकाच्या आधीच रंगमंचावर पोचले आणि एकटीच खांबाला टेकून उभी राहिले. स्पर्धेत वेशभूषेचं पहिलं बक्षीस तिला मिळालं. अभिनयाचं मला काहीच मिळालं नाही. परीक्षकांना अक्कल नव्हती.

चौऱ्याण्णव साली मुंबईचं एक युनिट बंद गिरणीत शूटिंगला आलं. सिनेमा गिरणी कामगारांचा. कपड्यांचं खातं मंजिरी मॅडमकडे होतं आणि त्यांना इथला एखादा हात हवा होता. मी छाती फुगवून मंजुळाताईचं नाव सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "हिचं काम जमलं तर पुढच्या सिनेमांनाही घेऊन जाईन." मंजुळाताईनं हे ऐकलं आणि तिचा चेहरा असा उजळला, की त्या क्षणी मलाच देवाला नवस बोलावासा वाटला.

शनिवारी मॅडमनी तिला बेचाळीस शर्टांचं गाठोडं दिलं. काम साधं होतं: प्रत्येक कॉलरच्या आत नटाचा नंबर शिवायचा. सोमवारी सकाळी शर्ट परत द्यायचे, मंगळवारी शूटिंग.

सोमवारी आम्ही दोघी गाठोडं घेऊन गेलो. मॅडमनी ते सोडलं आणि मटकन खाली बसल्या. बेचाळीस शर्ट, धुतलेले, खळ दिलेले, कडक इस्त्रीचे. मुंबईत आठ दिवस खपून त्यांनी चहाच्या पाण्यात बुडवून, पॉलिश पेपरनं घासून, कात्रीनं फाडून ते जुने केले होते. मंजुळाताईनं प्रत्येक डाग काढला होता आणि प्रत्येक फाटका भाग असा रफू केला होता की शोधून सापडू नये.

"हे काय केलंत?" मॅडमनी एक शर्ट उलगडून विचारलं.

"मॅडमजी, कपडे फारच गंदे होते हो. घरातून असे कसे वापस पाठवणार? शोभतं का?"

मॅडम जे काही बोलल्या ते मी लिहीत नाही. संध्याकाळी पाचपर्यंत शर्ट पहिल्यासारखे करून आणा, नाहीतर तोंड दाखवू नका, एवढा त्याचा अर्थ होता. बाहेर आल्यावर मंजुळाताईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला रडताना मी पहिल्यांदाच बघत होते, आणि शिफारस तर माझी होती.

"चल, सियागंजाच्या बाजारातून मशीनचं तेल आणू आणि फासू सगळ्यांना," मी म्हटलं.

तिनं डोळे पुसले. "सगळ्यांना कशाला? मशीनला तेल घालणारा तेलवाला तर एकच असतो ना गं." आणि ती एकदम थांबली. "मधु, गाठोडं उचल."

आम्ही तिच्या गल्लीत आलो. तिथले निम्मे पुरुष गिरणीतले. ती दारोदार जाऊन एकच विचारत होती, "भियाचा मिलवाला शर्ट आहे का ठेवलेला? तो दे, हा नवा घे." आणि काय सांगू, प्रत्येक घरात तो शर्ट होता! कुणी पेटीच्या तळाशी ठेवलेला, कुणी उशीच्या खोळीत कोंबलेला. टाकला कुणीच नव्हता. दुपारी तीनपर्यंत गल्लीतले सगळे बेकार पुरुष कडक इस्त्रीचे शर्ट घालून ओट्यांवर बसले होते. अख्खी गल्ली वरातीला निघाल्यासारखी दिसत होती.

साडेतीनला तिनं मोजले. एक्केचाळीस. "थांब जरा," म्हणून ती घरात गेली आणि बेचाळिसावा घेऊन आली. मग सगळ्यांच्या कॉलरमध्ये भराभर नंबर शिवले.

पाचला मॅडमनी एकेक शर्ट हातात घेतला. "हे पोटावरच का झिजलेत?"

"साचेखात्यातले आहेत, मॅडमजी. धागा तुटला की मागावर वाकून जोडावा लागतो, तिथं घासतं. हे बघा, याच्या शिवणीत कापूस अडकलाय, मतलब हा सूत कातायच्या रिंगखात्यातला. आणि हा, उजवी बाही काळी, तो तेलवाला. मळके सगळे वेगवेगळे असतात."

मॅडमनी ती काळी बाही उलटसुलट करून बघितली. मग म्हणाल्या, "उद्या सहाला ये. आणि इस्त्री घरी ठेवून ये."

शहाण्णव साली सिनेमा लागला. भिया यायला तयार नव्हते. मंजुळाताईनं चक्क हात धरून आणलं. गल्लीतल्या लोकांनी चार रांगा भरल्या होत्या. पडद्यावर कामगार फाटकातून आत शिरू लागले आणि मागून कुणीतरी ओरडलं, "अबे, हा रिंगखाता!" दुसरा म्हणाला, "तो तेलवाला, बाही बघ!" टॉकीजमध्ये नुसता कल्ला. भिया मात्र हाताची घडी घालून बसले होते.

मग एक कामगार अगदी समोर आला. धागा ओढायची आकडी ठेवून ठेवून फाटलेला खिसा, त्यावर निळ्या ब्लाउजच्या कापडाचं ठिगळ.

भिया उठून उभे राहिले. "ए! हा तर माझा शर्ट आहे! मंजुळा, तू तर पोछा केला म्हणाली होती!"

"बसा ना, लोकांना दिसत नाहीये!"

ते बसले, पण गप्प बसेनात. "तो वाकतोय ना, तो चुकीचा वाकतोय. डाव्या हातानं धागा पकडायला पाहिजे. आमच्या गिरणीत..." आणि मग मध्यंतरभर ते गिरणीबद्दलच बोलत राहिले. मंजुळाताई त्यांच्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे, आणि रडू कुणाला आधी आलं ते आता आठवत नाही.

पुढं तिनं नाटकं, सिनेमे, मालिका मिळून शंभरावर कामं केली. पहिल्यांदा मुंबईला गेली ती मात्र कामासाठी नव्हे. भियांनी हट्टच धरला होता, की मॅडमकडून माझा शर्ट परत आण. तो आणायला गेली आणि येताना दोन सिनेमांचं काम घेऊन आली.

तो शर्ट आज तिच्या मशीनवरच्या खुंटीवर टांगलेला असतो. तेल, घाम, कापूस, सगळं जसंच्या तसं. त्या घरात इस्त्री न केलेला तेवढा एकच कपडा आहे.