माहेरासाठी भरलेला तांब्या
गाडीच्या ग्रीसचा वास आला की मला नव्वदच्या दशकातला बनारसचा एक हिवाळा आठवतो. आईचं दुखणं हाताबाहेर गेलं होतं आणि तिला एकदा साताऱ्याला, माहेरी जायचं होतं. एका परदेशी जोडप्याने विकलेली जुनी कॅरॅव्हॅन, म्हणजे जीपमागे जोडायचं चाकांवरचं छोटं घर, आमच्याकडे होती, पण ओढताना ती फार डोलायची. आईला हिसके बसू नयेत म्हणून बाबांनी रामनगरच्या भंगारवाल्याकडून मजबूत हुक आणि डोलणं थोपवणारा स्टॅबिलायझर आणला आणि गाडीखाली आडवं पडून स्वतः बसवला. निघताना आईने मामासाठी गंगाजलाचा तांब्या भरून घेतला. “झाकण नको लावूस, थेंब सांडणार नाही,” बाबा म्हणाले. गंगेवरच्या पुलाच्या तोंडाशी आलो आणि आई एकदम म्हणाली, “अहो, गाडी वळवा. वाटेतच गेले तर? काशी सोडून मरायचं नाही मला.” मागच्यांच्या शिव्या खात, मागेपुढे करत बाबांनी ते लांबलचक धूड वळवलं. घरी पोचलो तेव्हा तांब्या काठोकाठ भरलेला होता. त्याच आठवड्यात त्यातलं पाणी आम्ही आईच्या तोंडात घातलं. बाबांचं काम अगदी चोख झालं होतं, एवढंच मी आजही स्वतःला सांगते.