नाव नका घेऊ
परवा दाराला ऑइलपेंट लावायला घेतला आणि टर्पेंटाइनच्या वासासरशी रोह्याच्या कार्यक्रमातली, मंडपामागची ती संध्याकाळ अंगावर आली. आमच्या पेणच्या बँडचं नाव होतं ‘मिठागर’, कारण आम्हा चौघांच्याही घरची माणसं मिठागरात राबलेली. मुंबईच्या एका कंपनीने तेच नाव आधी रजिस्टर केलं होतं. त्यांची नोटीस आली आणि आमचा वकील म्हणाला, हे नाव स्टेजवर नुसतं ऐकू आलं तरी केस होईल, ती तुम्हाला झेपणार नाही. ड्रमवर नाव रंगवलं होतं ड्रमरच्या मामांनी, जे हमरापूरला गणपतीचे डोळे आखतात. पुसायलाही त्यांनाच आणलं, पण टर्पेंटाइनमध्ये भिजवलेली चिंधी हातात घेऊन ते नुसतेच बसले. ‘आखलेला डोला आमी पुसत नाय रं,’ म्हणाले. शेवटी मीच पुसायला बसलो. अक्षरं निघता निघेनात, निळा रंग नखांत गेला. मग निवेदकाने विचारलं, ‘नाव काय सांगू?’ दुसरं नाव आम्ही ठरवलंच नव्हतं. तेवढ्यात पेणहून आलेली आमच्या गावची माणसं समोरून ओरडायला लागली, ‘मिठागर! मिठागर!’ सगळ्यांचे मोबाइल वर, शूटिंग चालू. मी धावत पुढे गेलो, हात जोडले, ‘नका हो, नाव नका घेऊ!’ सगळे गप्प झाले. फक्त माझे वडील, अख्खा जन्म मिठागरात काढलेले, उभे राहून विचारत होते, ‘का नको? आपलाच हाय ना नाव?’ दार अजून अर्धवटच आहे. डब्याचं झाकण मी ठोकून बसवलंय.