सुखदेवचं यंत्र

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिच्यापासून लपवावं असं माझ्या आयुष्यात फारसं काही नव्हतं, तरी हे लपवलं. तुम्हाला का सांगतो आहे? नक्की ठाऊक नाही. कदाचित तुम्ही सुखदेवला ओळखत नाही म्हणून. अमरावतीत त्याला जे जे ओळखत होते, त्या सगळ्यांना मी एक वेगळीच हकिगत सांगून ठेवली आहे — आणि ती इतक्यांदा सांगितली, की पुढंपुढं मला स्वतःलाच ती खरी वाटायला लागली.

ती हकिगत अशी. आम्ही दोघं भागीदार होतो. सुखदेव एके दिवशी उठून अकोल्याला गेला, जाताना माझे चार कारागीर घेऊन गेला, आणि माझा छापखाना बसला. दगा दिला त्यानं. एवढं सांगितलं की समोरचा हळहळायचा. बस म्हणायचा, चहा मागवायचा. तो चहा मी कितीतरी वर्षं प्यालो.

खरं काय घडलं ते सांगतो. जरा थांबत थांबत सांगतो — सवय नाही.

माझे वडील शाळामास्तर. त्यांना वाटायचं मी वकील व्हावं. मला चित्रं काढता यायची. सुखदेवचे वडील अकोल्याच्या एका गिरणीत रंगखात्यात होते, आणि तोही तिथंच कपड्याच्या रंगाचं सगळं शिकला. छप्पन साली त्याच्या घरानं बौद्ध धम्म घेतला, त्यानंतर वर्षभरानं आम्ही अमरावतीत एक पत्र्याची शेड भाड्यानं घेतली आणि चादरी छापायला लागलो. माझ्या घरी हे फारसं रुचलं नव्हतं. आई त्याला चहा वेगळ्या कपात द्यायची. मी ते पाहायचो. तोही पाहायचा. आम्ही दोघंही त्यावर कधी बोललो नाही.

शेडमध्ये दोन लांब टेबलं होती. टेबलावर कापड ताणून चिकटवायचं, त्यावर लाकडी चौकट ठेवायची. चौकटीला रेशमी जाळी, जाळीवर नक्षी. वर रंग ओतून रबराची पट्टी इकडून तिकडं ओढायची, चौकट उचलायची, पुढं ठेवायची. दर रंगाला वेगळी चौकट. रंगावर रंग नेमका बसला पाहिजे, दोऱ्याएवढाही सरकला की फूल बिघडलं. ते बसवणं माझं काम. कापडबाजारात म्हणायचे, वसंताचा हात लागलेली चादर लांबून ओळखू येते. आठ कारागीर होते, पण चार रंगांची नक्षी आली की पट्टी मीच धरायचो. आणि रंग सुखदेवचा. कुठल्या सुताला किती खळ, कुठला रंग किती घट्ट, हे तो बोटावर घेऊन सांगायचा.

साठ साल उलटलं आणि मागणी बदलली. आधी व्यापारी पन्नास चादरी एका नक्षीच्या मागायचे, पन्नास दुसरीच्या. आता एकच नक्षी, हजार चादरी, आणि लवकर. सुखदेवनं कुठूनतरी ऐकलं, की अहमदाबादला आपोआप छापणारं यंत्र बनायला लागलंय. कापड पट्ट्यावरून पुढं सरकतं, चौकटी आपल्या आपण खाली येतात, छापतात, वर जातात.

"आता घेतलं त आपण पयले," तो म्हणाला. "दोन वर्सानं घेतलं त मांगचे. मंग घेऊन काय फायदा?"

मी म्हणालो, "आठ घरांचं काय? ही माणसं कुठं जातील?"

किती चांगला प्रश्न होता नाही? मलाही तो विचारताना फार बरं वाटलं होतं. सुखदेवनं मात्र त्याचा आधीच विचार केलेला. चौघं यंत्रावर, दोघं वाफेच्या पेटीवर, दोघं चादरींच्या कडा शिवायला. सगळं ठरवून ठेवलेलं. "एकालेही काढाचं नाही," तो म्हणाला. तेव्हा असं ठरलं, की मी अहमदाबादला जाऊन यंत्र डोळ्यांनी पाहावं. त्याला हातातलं काम सोडून जाता येत नव्हतं. निघताना त्यानं एवढंच सांगितलं — छापलेला एक तुकडा आणजो, पण वाफ देण्याआधीचा. वाफ दिल्याशिवाय रंग पक्का होत नाही, आणि कच्च्या रंगावरून त्याला यंत्राचा खरा गुण कळणार होता.

मी गेलो. दोन दिवस त्या यंत्रापुढं उभा राहिलो. काय सांगू तुम्हाला? पाच रंगांची नक्षी होती. पहिलं फूल आणि शंभरावं फूल — फरक नाही. कुणी हात लावत नव्हतं. बाजूला एक माणूस नुसता उभा, बटणापाशी. मी त्याला विचारलं, तू आधी कुठं होतास? म्हणाला, केळीच्या वखारीत.

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. केळीच्या वखारीतला माणूस, आणि त्याचं फूल माझ्या फुलापेक्षा नेमकं. उद्या आमच्या शेडमध्ये हे आलं, तर रंग लागणारच, म्हणजे सुखदेव लागणार. मी कशाला लागणार? बाजारात मला कोण विचारणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्यातून वाफ न दिलेला तुकडा मागून आणला आणि धर्मशाळेत तो पिशवीतून काढला. हातभर लांब असेल. त्यावर सहा फुलं. खोलीत कुणी नव्हतं. मी फडकं भिजवलं, पिळलं, आणि एकेका फुलावरून फिरवलं. लाल रंग पिवळ्यात गेला. वाळत ठेवला. वाळेपर्यंत समोर बसून होतो. थांबता आलं असतं — नवा तुकडा मागून घेता आला असता, कारखाना मैलभरच होता. मी उठलो नाही.

अमरावतीला आल्यावर सुखदेवच्या हातात तो तुकडा दिला आणि म्हणालो, "हे बघ. रंग पसरतो. अजून त्यांना जमलेलं नाही. दोन-तीन वर्षं जाऊ दे."

त्यानं तुकडा दाराशी उजेडात नेला. बराच वेळ पाहिला. मग घडी घालून खिशात ठेवला.

"तू पाह्यलं नं सोता?"

"पाहिलं."

"मंग ठीक हाये."

त्यानंतर तो तीनदा म्हणाला असेल — एकदा जेवताना, एकदा चौकटी धुताना, एकदा असंच — "वसंता, अहमदाबादचं आनखी काई सांगाचं राह्यलं का?" मी प्रत्येक वेळी नाही म्हणालो. मला वाटलं त्याला यंत्राची हौस आहे, म्हणून विचारतो.

सहा महिन्यांनी तो म्हणाला, की तो अकोल्याला जातो आहे, स्वतःचं काम सुरू करायला. आम्ही शेडच्या बाहेर उभे होतो, सकाळची वेळ, कारागीर अजून यायचे होते. मी चिडलो. इतकी वर्षं सोबत काढली आणि असा कसा जातोस, हा दगा आहे — असं म्हणालो. दगा हा शब्द पहिल्यांदा मीच काढला, त्याच्या तोंडावर.

तो चिडला नाही. खिशातून तो तुकडा काढून त्यानं माझ्यापुढं धरला.

"यंत्राची चूक असती त परत्येक फुलात एकाच जागी असती," तो म्हणाला. "इथं एक फूल डावीकून पुसलं हाये, एक उजवीकून. हे यंत्रानं नाही केलं, वसंता. हातानं केलं. मी त्याच दिवशी ओयखलं."

मी एवढंच विचारलं, "मग तेव्हाच का नाही बोललास?"

"तू सांगशीन म्हनून."

तो गेला. चार कारागीर महिनाभरानं आपण होऊन त्याच्याकडं गेले. त्यानं बोलावलं नव्हतं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. आणि तरी मी बाजारात जाऊन सांगितलं, की भागीदारानं दगा दिला, माणसं पळवली.

तुम्हाला वाटेल, हीच माझी चूक. मीही इतकी वर्षं मनात इथंच थांबत आलो. तुकडा पुसला, खोटं बोललो, त्याला बदनाम केलं — मनातल्या मनात एवढं मान्य करायची सवय झाली होती. पण याच्या पुढं आणखी एक आहे. ते सुखदेवला ठाऊक नाही.

तो गेल्यावर दीडेक वर्षानं माझ्या शेडमध्ये एक माणूस आला. नीटनेटका, बगलेत कातडी बॅग. त्याच यंत्राच्या कारखान्याचा. सुखदेवनं अकोल्यात यंत्रासाठी अर्ज केला होता, हप्त्यांनी घ्यायचं होतं. विदर्भात कारखाना तेव्हा एकच यंत्र तसं देणार होता. ओळखीच्या माणसाचं नाव द्या असं त्याला सांगितलं, तर त्यानं माझं दिलं.

माझं नाव दिलं. समजतंय का तुम्हाला? तो तुकडा माझ्यापुढं धरल्यानंतर, बाजारात मी काय काय बोलतो ते अकोल्यापर्यंत पोचल्यानंतरही, कामाच्या बाबतीत मी खरं बोलेन असं त्याला वाटलं.

माणसानं विचारलं, "कारागीर कसा?"

"रंगात त्याचा हात कुणी धरणार नाही," मी म्हणालो. हे खरं होतं.

"आणि माणूस म्हणून? विश्वासाचा?"

टेबलावर कापड लागलेलं होतं, ते मी उगाच सारखं केलं. मग हसलो. हसून म्हणालो, "आता काय सांगायचं. त्यांच्यातला आहे. तुम्ही समजून घ्या."

बस, एवढंच. एकही शब्द खोटा नव्हता. त्या माणसानं मान हलवली, बॅग उचलली, चहा घेतला नाही. आणि माझ्या लक्षात आलं, की मी आत्ता आईच्या त्या वेगळ्या कपासारखंच काहीतरी केलं — नाही, त्याहून वाईट. आई निदान त्याच्यासमोर करायची.

यंत्र अकोल्यात दुसऱ्या एका माणसाला मिळालं. मोठी कामं त्याच्याकडं गेली. सुखदेव माझ्या त्या चार माणसांना घेऊन हातानंच छापत राहिला, चार-पाच वर्षं. त्याला यंत्र मिळालं, तोवर अकोल्यात तशी तीन झाली होती. तो म्हणाला होता तसंच झालं — मांगचा.

माझी शेड त्याआधीच बंद पडली होती. हजार चादरींचं काम हातानं कोण देणार? मी एका शाळेत चित्रकला शिकवायला लागलो. लोक म्हणायचे, भागीदारानं बुडवला बिचाऱ्याला. मी ऐकून घ्यायचो.

मेहुणीच्या लग्नाचं कापड घ्यायला मी अकोल्याला गेलो, तेव्हा दुकानात सुखदेव भेटला. केस पांढरे झालेले. उजवा खांदा खाली आलेला. इतकी वर्षं पट्टी ओढली की असं होतं. मी नजर चुकवणार होतो, पण तोच पुढं आला. घरचं विचारलं. आईचं विचारलं. आई गेली म्हटल्यावर त्यानं हातातलं कापड खाली ठेवलं. मग मला बाहेर ओसरीवर घेऊन आला.

"एक विचाराचं होतं," तो म्हणाला. "तवा मी यंत्रासाठी अर्ज केलता, तुह्यं नाव देल्लं होतं. तो मानूस आलता का तुह्याकडं?"

"आला होता."

"मले लोकं म्हने, त्यानंच मोडता घातला असन. मी म्हनलं, नाही. तो तुकडा येगळा, त्याले भेव वाटलं असन. पन हे तो करनार नाही." तो हसला. "तू चांगलंच सांगतलं असशीन नं?"

दुपार होती. रस्त्यावर माणसं होती, एक हातगाडीवाला संत्री विकत होता. सुखदेवचा चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर होता. तेव्हा सांगता आलं असतं.

मी म्हणालो, "हो. चांगलंच सांगितलं."

त्यानं दोन्ही हातांनी माझा हात धरला. रंगानं त्याची नखं अजून निळी होती. "मले माहीत होतं," तो म्हणाला. मग त्यानं हातगाडीवरची संत्री घेतली आणि माझ्या पिशवीत घातली, मुलांसाठी म्हणून. मी ती घेतली, घरी आणली, आणि मुलांनी खाल्ली.