बांधीत साप नव्हता

बाबा गेले तेव्हा मी दहा वर्षांची होते. धानाची रोवणी चालू होती. भरदुपारी त्यांना बांधीतून, म्हणजे धानाच्या शेतातून, खाटेवर घालून घरी आणलं आणि साप डसला असं सांगितलं. आमच्या धानपट्ट्यात पावसाळ्यात कोणी ना कोणी असं जायचंच, म्हणून गावानेही फार विचारलं नाही. आजोबाही तसेच गेले होते म्हणे.

नंतरची वर्षं खायचं काय, या एकाच विचारात गेली. सकाळी पेज, रात्री लाखोरीचं वरण आणि भात, तोही सगळ्यांना पुरायचा नाही. माय बिड्या वळायची. तेंदूपानाचा वास आमच्या अंथरुणालाही यायचा. भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. मॅट्रिकचं वर्ष सोडून त्याने नांगर धरला आणि मला म्हणाला, तू शिक. मी शिकले. भंडाऱ्याच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाले, तुमसर भागातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. माझ्याआधी आमच्या घरातल्या कोणी कॉलेजचं फाटकही ओलांडलं नव्हतं. याचा मला अभिमान होता, आजही आहे. लपवायचं कशाला?

माझं लग्न झालं त्याच वर्षी भावाची छाती दुखायला लागली. पोतं उचललं की दुखायचं, बसला की थांबायचं. गॅस आहे, म्हणायचा. मी त्याला अक्षरशः ओढत भंडाऱ्याला नेलं. माझा नवराही सोबत आला. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, त्यात काही दिसलं नाही. मग त्यांनी भावाला विचारलं, घरात कोणाला हृदयाचा त्रास होता का, कमी वयात कोणी गेलं का? विचारलं त्याला, उत्तर दिलं मी. शिकलेली मी होते ना! वडील आणि आजोबा दोघंही सर्पदंशाने गेले, असं मी ठणकावून सांगितलं. "दोघंही?" डॉक्टर म्हणाले. भाऊ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला. पित्ताच्या गोळ्या घेऊन आम्ही एसटी पकडली.

पुढच्या कापणीत तो बांधावर कोसळला. जीपमध्ये आडवा घालून नागपूरला नेला. वाचला.

जरा सावरल्यावर तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी त्याचे हात उलटे करून पाहिले. बोटांच्या सांध्यांवर टणक गाठी होत्या. टाचेमागची शीरही दोरखंडासारखी जाड झालेली. मी म्हटलं, नांगराचे घट्टे आहेत. ते म्हणाले, घट्टे तळहाताला पडतात बाई, मागच्या बाजूला नाही. रक्त तपासलं तर कोलेस्टेरॉल इतकं निघालं की त्यांनी तपासणी पुन्हा करायला लावली. हा दोष रक्तातून येतो, बापाकडून लेकरात, प्रत्येक लेकराला निम्मी शक्यता, असं त्यांनी समजावून सांगितलं. मग मायकडे वळून विचारलं, यांच्या वडिलांना अशा गाठी होत्या का?

माय म्हणाली, "होत्या. सासऱ्याले बी होत्या."

बाहेर व्हरांड्यात मी तिला सापाचं विचारलं. साप नव्हताच. बाबा रोवणी करता करता छाती धरून चिखलात बसले होते. मामाने, म्हणजे मायच्या भावाने, त्याच दिवशी ठरवलं की सापाचं सांगायचं. छातीच्या रोगाचं घराणं आहे म्हटल्यावर या घरात पोरगी कोण देईल आणि इथली पोरगी कोण नेईल? साप तर कोणालाही डसतो. आजोबांच्या वेळीही असंच सांगितलं होतं, त्यामुळे नवीन काही रचावं लागलं नाही.

त्या दुपारी भाऊ बाबांच्या बाजूलाच रोवत होता, हे मला तेव्हा आठवलं. मी त्याच्या खाटेपाशी गेले.

"तुले माहीत होतं?"

"होतं."

"मग डाक्टरनं विचारलं तवा काहून बोलला नाही?"

"जवाई बाजूले बसून होते," तो म्हणाला. "नवं लग्न. वापस पाठवलं असतं तुले."

"मेला असता तू."

"तू तं नांदली असती."

मी तिथून उठून गेले. वर्गात मी पोरांना फळ्यावर उंच आणि बुटका वाटाणा काढून आनुवंशिकता शिकवत होते, आणि माझ्याच घरातली माझ्यापासून झाकून ठेवली होती. मला शिकायला पाठवलं, चार लोकांत मिरवलं, आणि डॉक्टरपुढे खोटं बोलायला माझंच शिकलेलं तोंड वापरलं. मायेपोटी केलं हे मला कळतं. तरी फसवलंच. मायशी मी कितीतरी दिवस कामापुरतंच बोलले.

नवऱ्याला मी स्वतः सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "तुझं रक्त तपासलं का?" तपासलं, माझं ठीक निघालं. भावाच्या पोरांचं तपासायचं म्हटल्यावर मामा घरी येऊन बसला. पोरीचं लग्न मग तूच जमव, म्हणाला. जमवीन, मी म्हटलं, आणि खरं सांगून जमवीन. पोरीचं आणि धाकट्याचं रक्त चांगलं निघालं, मोठ्या पोराचं नाही. त्याच्या बोटांवर अजून गाठ नव्हती.

भावाने बिडी सोडली, मटण सोडलं, गोळ्या घ्यायला लागला. चुलत भावंडांना एकेक करून मी स्वतः घेऊन गेले. आमच्या घराण्यातल्या प्रत्येकाचं रक्त तपासून झालं, ज्यांना गरज होती त्यांचं औषध सुरू झालं. भाऊ जिवंत आहे.