सत्यशीलेची दुरडी

राळेगावपासून दोन कोसांवरच्या वस्तीत तुळसाचं माहेर आणि सासर यांच्यामध्ये एक बोळ होती, एवढंच. नवरा बाबाराव राळेगावच्या कापसाच्या जिनात कामाला. ती सत्तावीस वर्षांची, दोन लेकरांची आई. हाताला नेटकी अशी तिची ख्याती होती. कुणाच्या घरी कार्य असलं की सामान बांधायला, पत्रावळी मोजायला तिलाच बोलावणं यायचं. एकोणीसशे चौसष्टच्या दसऱ्याच्या आधी तसंच बोलावणं आलं, पण या वेळी तिच्या जिवावर आलं.

तिची धाकटी बहीण सत्यशीला त्या वर्षी नागपूरला कॉलेजात गेली होती. वस्तीतली कॉलेजात गेलेली ती पहिली पोरगी. जन्मताना तिचं नाव धुरपता होतं. छप्पन साली वस्तीनं धम्म घेतला, तेव्हा ती दहा वर्षांची होती, आणि वस्तीतल्या किसनरावांनी शाळेच्या दाखल्यावर तिचं नाव सत्यशीला लिहवून घेतलं. तुळसाचं लग्न तोवर होऊन गेलेलं. तिला नवं नाव द्यायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. एकदा तिनं हसतहसत विचारलंही होतं, तर किसनराव म्हणाले, "तुले आता कोणत्या दाखल्यावर लिवाचं हाय?" सगळे हसले. तीही हसली.

किसनराव म्हणजे वस्तीचे जाणते. पत्रं तेच वाचत, तेच लिहीत. सत्यशीलेचं पत्र आलं, त्यात तिनं लिहिलं होतं की वसतिगृहातल्या बाकीच्या पोरींना घरून सणाचे डबे येतात, तेव्हा मी वाचनाचं निमित्त करून बाहेर जाते. पत्र ऐकून तिच्या आईनं, रुखमाबाईनं, पदर तोंडाला लावला. किसनराव उठून उभे राहिले.

"दसऱ्याले आपन साऱ्या जनाईले नागपूरले जाचंच हाय. पोरीसाठी एक दुरडी भरून नेऊ. वस्तीची दुरडी. तुळसा, तू बांध."

मग दोन दिवस वस्ती तुळसाच्या ओसरीवर येत राहिली. कुणी भाजलेल्या शेंगा आणल्या, कुणी जवसाची चटणी, कुणी रानातली सीताफळं. एका म्हातारीनं पोलक्याचं कापड आणून दिलं; ते तिनं स्वतःसाठी जपून ठेवलेलं होतं हे तुळसाला ठाऊक होतं. रुखमाबाईनं खोबऱ्याचं सारण भरून कानोले तळले, चांगले फुगलेले, आणि तुटलेले तेवढे तुळसाच्या लेकरांच्या हातावर ठेवले.

तुळसा एकेक वस्तू घेत होती आणि आतून जळत होती. तिच्या दोन बाळंतपणांत असं कोण आलं होतं? पोर झाल्यावर अकराव्या दिवशी ती निंदणाला गेली, तेव्हा कुणी शेंगेचं टरफलही पुढे केलं नव्हतं. आणि ही काय करते? बसून वाचते. तुळसानं सीताफळांतली सर्वांत टणक, डोळे न उघडलेली फळं निवडली. पिकली तर पिकली. चटणीची पुरचुंडी मुद्दाम पोलक्याच्या कापडाला लागून ठेवली. मग तिचीच तिला लाज वाटली, म्हणून काढली. आणि थोड्या वेळानं पुन्हा तिथंच ठेवली.

निघायच्या आदल्या दुपारी किसनराव आले. त्यांनी हिंगणघाटाहून शाईचा पेन आणला होता, सोनेरी टोपणाचा, शाई भरलेला. दोन्ही हातांनी तो तुळसाच्या हाती देत ते म्हणाले, "हा वरतं ठेव. दुरडी उघडली का पहिले हाच दिसला पाह्यजे."

ते गेले. ओसरीवर कुणी नव्हतं. तुळसानं टोपण काढलं.

तिनं आजवर पाटीवर लेखणीनं लिहिलं होतं, तेही अठरा वर्षांपूर्वी. साबणाच्या वडीचा कागद सोडवून तिनं त्यावर 'तुळसा' लिहिलं. किती दाबायचं ते कळेना. 'तु'वर शाईचा डाग पडला, 'ळ' उलटा वळायला लागला. तिसरीतल्या लेकरानं लिहावं तसं ते दिसत होतं. तिनं खाली पुन्हा लिहिलं, आणि पुन्हा. कागद संपला तेव्हा तिनं तो चुलीत टाकला. पेन मात्र दुरडीत गेला नाही. तो तिच्या कमरेच्या बटव्यात गेला, आणि दुरडीवर फडकं घालून तिनं गाठ घट्ट मारली.

दुसऱ्या दिवशी सगळी वस्ती ट्रकमध्ये बसून नागपूरला निघाली. माणसं गाणी म्हणत होती. तुळसा दुरडी मांडीवर घेऊन बसली होती. घरी ठेवला असता तर कुणाला सापडला असता, म्हणून पेन बरोबरच होता. दर खड्ड्याला तो तिला टोचत होता.

वसतिगृहाच्या ओट्यावर सत्यशीला धावत आली. पांढरं पातळ, दोन वेण्या, पायात चपला. आईच्या गळ्यात पडली, मग तुळसाच्या. तिच्या मैत्रिणी गोळा झाल्या. दुरडी सोडली. शेंगा, कानोले, चटणी, सगळं हातोहात बाहेर आलं, आणि सत्यशीला प्रत्येक वस्तू कुणी दिली ते नावानिशी विचारत होती.

किसनराव मैत्रिणींच्या घोळक्यामागं कडेला उभे राहून वाट पाहत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही. "आनं पेन? पेन पाह्यला काय?"

सत्यशीलेचा दुरडीतला हात थांबला. रुखमाबाईनं तुळसाकडे पाहिलं. तुळसानं समोरच्या कडुनिंबाकडे पाहिलं. आणि सत्यशीलेची नजर बहिणीच्या कमरेशी थांबली. ट्रकच्या हिसक्यांनी पेन गळला होता. लुगड्यावर तळहाताएवढा निळा डाग पसरला होता.

"सापडला ना, काका," सत्यशीला लगेच म्हणाली. "वरतंच तर होता. पहिले तोच काढून ठेवला. लय सुंदर हाय."

किसनरावांचा चेहरा फुलला. तुळसाचे कान तापले. पकडली गेली असती तर बरं, असं तिला वाटलं.

बाकीची माणसं दीक्षाभूमीकडे निघाली. "अक्काच्या लुगड्यावर काही सांडलं, धुवून येतो," म्हणत सत्यशीलेनं तिला मागच्या नळावर नेलं.

"काहून खोटं बोल्ली तू?" तुळसानं विचारलं.

"मंग काय सांगू?"

"सांगाचं होतं, माही बहीन चोट्टी हाय म्हनून. शिकाचं बी तूनंच, नाव बी तुलेच, आता चांगलं बी तूनंच व्हाचं. माह्यासाठी काय ठेवलं?"

सत्यशीला तुळसाच्या लुगड्याचा डाग नळाखाली धरून उभी होती. "तुले तं शाळा आवडतच नव्हती ना? माय म्हने, तुळसा शाळेत जाले रडे."

"मी रडो?" तुळसाचा आवाज चिरकला. "तू झाली, माय कापूस वेचाले जाय, आनं तुले पाहाले घरी कोन? मले तिसरीतून काढलं. तुले कंबरेवर घेऊन मी शाळेच्या खिडकीखाली उभी राहो. आत मास्तर पाढे घे, मी भायेरून म्हनो. तू रडली का मास्तर मले हाकलून दे. तू रडे, धुरपते. मी नाही."

सत्यशीलेनं नळ बंद केला.

"मले माहीत नव्हतं," सत्यशीला म्हणाली.

"तुले कोन सांगन?" तुळसानं बटव्यातून पेन काढला आणि तिच्या ओल्या हातावर ठेवला. "घे. वस्तीनं तुले देल्ला."

सत्यशीलेनं तो घेतला. तुलाच राहू दे, असं म्हणून तिनं दया दाखवली नाही, आणि त्याचं तुळसाला थोडं बरं वाटलं. डाग काही गेला नाही.

दिवाळीच्या सुमाराला नागपूरहून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती एक गठ्ठा आला. तिसरीपासून सातवीपर्यंतची जुनी पुस्तकं. चिठ्ठी नव्हती. तुळसानं गठ्ठा न सोडताच माळ्यावर फेकला. "कायले पाठवते? मी काय मांगली होती?" कापसाचा हंगाम संपला तेव्हा एका दुपारी तिनं गठ्ठा खाली काढला, धूळ झटकली आणि गणिताचं पुस्तक आधी उघडलं.

अभ्यासाचं वस्तीत तिनं कुणाला सांगितलं नाही. अडलं की राळेगावच्या शाळेतल्या एका मास्तरीणबाईंकडे बाजाराच्या दिवशी जायची. सातवीच्या परीक्षेला पहिल्यांदा बसली तेव्हा गणितातच राहिली. मधल्या काळात सत्यशीलेची पत्रं यायची. त्यातली ओळ न् ओळ आता तुळसाला वाचता यायची, आणि तिथल्या सभा, वाचनालयं, मैत्रिणी वाचून ती पूर्वीसारखीच आतून जळायची. वाचता येत नव्हतं तेव्हा निदान अर्धं तरी किसनराव गाळून सांगत.

अडुसष्ट साली सत्यशीला बी. ए. झाली. वस्तीनं हार आणले, ढोल लावला. त्याच आठवड्यात तुळसाचा निकाल लागला होता. ती पास होती. बाबारावशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

हारांची गडबड चालली होती तेव्हा रुखमाबाई चुलीपुढं बसली होती. तुळसा तिच्यापाशी जाऊन बसली.

"माय, मी बी पास झाली."

"कायची?"

"सातवीची."

रुखमाबाईचा हात कढईवर थांबला. तिनं लेकीकडे बघितलं, जणू बऱ्याच वर्षांनी बघत होती. "मले सांगतलं नाही तूनं."

"तू कदी इचारलं?"

रुखमाबाईनं कढई खाली उतरवली. बाहेरून कुणीतरी हाक मारली, हार घालायला सगळे थांबलेत म्हणून. तुळसा उठली, पदर सारखा केला आणि बाहेर गेली. सत्यशीलेच्या गळ्यात हार पडले तेव्हा तिनं टाळ्या वाजवल्या. हेवा वाटत होताच. टाळ्याही खऱ्या होत्या.